सात तोंडांची डबी

"याला भोकंच नाहीत!"

काटेसाहेबांनी नवा लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि जप्त केलेला माल ठेवावा तसा टेबलावर ठेवला.

"आहेत की, बाबा. डाव्या बाजूला दोन आहेत," छोटी म्हणाली.

"ही? यांना भोकं म्हणतात? आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या पाठीमागं जाऊन बघ जरा. गोल म्हण, चौकोनी म्हण, लांबुळकं म्हण, सगळी आहेत. ज्याला जे खुपसायचं ते त्यानं खुपसावं. आणि इथं दोन फटी! मुंगी शिरली तर तिला वळून बाहेर येता यायचं नाही."

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे. वजने-मापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली होती, आणि तराजूच्या काट्यावरून बाजारानं त्यांना हे नाव बहाल केलं होतं. हा काटा बोचतो, हेही बाजाराला सुचवायचं होतंच. निवृत्त झाल्यापासून तपासायला तराजू उरले नव्हते. त्यामुळे साहेब दिसेल ते तपासत. साबणाची वडी, दुधाची पिशवी, न्हाव्यानं कापलेले कल्ले, यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि बहुतेक वेळा त्यात काहीतरी कमी निघे.

लॅपटॉपमध्ये तर भोकंच कमी निघाली. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"किलो म्हणजे किलो असतो," ते खोलीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "मीटर म्हणजे मीटर. जगात कुठंही जा. मग पिन म्हणजे पिन का नाही? आज ही पिन, उद्या ती पिन. लोकांनी जुन्या वायरी काय गळ्यात घालून हिंडायचं? आम्ही दुकानदाराला असं करू दिलं असतं तर लोकांनी आम्हाला जोड्यानं मारलं असतं!"

"तुम्हाला काय लावायचंय पण त्याला?" बाईंनी आतून विचारलं. बाई म्हणजे साहेबांची बायको. त्या बालवाडी चालवत. त्यामुळे सगळी वस्ती त्यांना बाई म्हणे, आणि ऐकून ऐकून साहेबही तेच म्हणू लागले होते. बाई सगळ्यांशी एकाच सुरात बोलत. मूल तीन वर्षांचं आहे की एकसष्ट, असा भेदभाव त्यांच्याकडे नव्हता.

साहेबांना पुष्कळच लावायचं होतं. परवा सकाळी छोटीचा इंटरव्ह्यू होता.

छोटी सव्वीस वर्षांची होती. तिचं आधीचं ऑफिस एके दिवशी अचानक बंद पडलं, तेव्हापासून ती घरी होती. हुशार होती, कष्टाळू होती, पण चार माणसांसमोर बसवलं की तिचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा येई. घरातला सगळा आवाज साहेबांनीच वापरून टाकल्यावर तिच्या वाट्याला राहणार किती? चांगल्या चांगल्या जागा हातातोंडाशी येऊन गेल्या होत्या. या वेळी मात्र ती सगळे टप्पे पार करून शेवटच्या मुलाखतीला पोचली होती. कंपनी कॉम्प्युटरला बाहेरच्या वस्तू जोडायची साधनं बनवणारी होती. केबली, पिना, जोडण्या, डब्या. जागा होती ग्राहक तक्रार विभागातली. मुलाखत घरबसल्या, लॅपटॉपवरूनच द्यायची होती. ही जागा गेली तर पुढं काय, हे घरात कोणी बोलत नव्हतं, आणि तिघंही दिवसभर तेवढाच विचार करत होते.

कालच रात्री छोटीनं मैत्रिणीला कॉल लावून सराव केला, तेव्हा साहेबांनी तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावून पाहिलं होतं आणि हादरले होते. "हा कॅमेरा खालून वर बघतो! त्या लोकांना काय दिसणार? नाकपुड्या! नाकपुड्यांना नोकरी कोण देईल?"

तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं. जुन्या कॉम्प्युटरचा मोठा पडदा जोडायचा, म्हणजे छोटीला समोरची माणसं मोठी दिसतील. त्यावर वेगळा कॅमेरा बसवायचा, म्हणजे समोरच्यांना छोटी सरळ दिसेल. कर्मचारी संघटनेच्या भाषणांसाठी घेतलेला, बगळ्याच्या मानेसारखा माइक जोडायचा, म्हणजे तिचा आवाज विहिरीच्या काठापर्यंत तरी येईल. शिवाय एक स्पीकर आणि जुना, दणदणीत कीबोर्ड.

"बाबा, लॅपटॉपमध्ये सगळं आहे. मी उशी खाली ठेवून त्याला उंच करते ना," छोटी म्हणाली.

"उशीवर ठेवून मुलाखत? तू काय आजारी आहेस?"

आणि साहेब पिशवी घेऊन बाजारात गेले.

दुकानदार साहेबांना बघून उभाच राहिला. फार पूर्वी साहेबांनी त्याला मीटरमागं चार बोटं वायर कमी मोजताना पकडलं होतं. साहेबांनी गरज सांगितली. दुकानदारानं एक डबी काढून दिली. एका बाजूला शेपटीसारखी छोटी वायर, ती लॅपटॉपच्या फटीत घालायची, आणि अंगावर निरनिराळ्या आकाराची भोकं. त्यात हवं ते जोडायचं.

"ही नको," साहेब म्हणाले. "मला त्या कंपनीची दे." आणि त्यांनी छोटीच्या कंपनीचं नाव घेतलं. जिथं नोकरी मागायची तिथला माल घरात असला पाहिजे, एवढी रीत त्यांना कळत होती.

दुकानदाराचा चेहरा पडला. "साहेब, ती नका घेऊ. वायर मुळाशी ढिली पडते. लोक परत आणून देतात."

"अस्सं! आणि ही तुझी घेतली की तुला जास्त सुटतात, नाही का?"

"शपथेवर सांगतो, साहेब."

"तुझ्या शपथा मी मोजून पाहिल्यात. चार बोटं कमी भरतात."

बिचारा दुकानदार आयुष्यात कधी नव्हे तो खरं बोलत होता. पण त्याची जुनी ख्याती आडवी आली. साहेब सात तोंडांची, कंपनीचं ठसठशीत चिन्ह असलेली डबी घेऊन घरी आले. खोक्यावर छापलं होतं, 'सातही तोंडे एकाच वेळी कार्यरत.' साहेबांनी ते वाक्य दोघींना मोठ्यानं वाचून दाखवलं.

जोडणी सुरू झाली. मोठ्या पडद्यानं आणि कीबोर्डनं टेबल व्यापलं, म्हणून लॅपटॉप टेबलाखाली एका स्टुलावर गेला. त्याचं झाकण उघडंच ठेवलं, कारण चार्जिंग किती उरलंय ते साहेबांना दिसायला हवं होतं. डबीही खालीच. पडदा लागला. कॅमेरा लागला. कीबोर्ड लागला. माइक लावला आणि पडदा गेला. पडदा आणला तर कॅमेरा आंधळा झाला. कॅमेऱ्याला डोळे आले तर कीबोर्ड मुका झाला. साहेब टेबलाखाली, छोटी टेबलावर, आणि मधून वायरी.

"आलं का?"

"गेलं."

"आता?"

"आलं होतं, बाबा. तुम्ही विचारलंत आणि गेलं."

शेवटी असं निघालं की डबीच्या शेपटीला मुळाशी चिमटीत धरून किंचित डावीकडे पिळलं, तर सगळं नीट चालतं. सोडलं की बंद. साहेबांनी तिथं रबरबँड बांधून पाहिला, चिकटपट्टी लावून पाहिली, कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, शब्दकोशाचं ओझं ठेवलं. माणसाच्या हाताशिवाय ती डबी कशालाच दाद देईना.

"आमच्या बालवाडीत एक मुलगा आहे असा," बाई कौतुकानं म्हणाल्या. "हात धरला की गुणी. सोडला की भोकाड."

स्पीकर तर डबीत बसेचना. तेव्हा बाईंचा गाणी वाजवायचा बिनवायरीचा स्पीकर जोडून पाहिला. त्यात बोलायचीही सोय होती, कारण बाई त्यातूनच मुलांना रांगेत उभं करत. तो लगेच जोडला गेला, पण खरखर फार, म्हणून साहेबांनी तो नापास केला आणि मोठ्या पडद्यातलाच आवाज कायम केला. बाईंनी आपला स्पीकर उचलून परत स्वयंपाकघरात फ्रीजवर ठेवला.

"जाऊ द्या ना, बाबा. मी नुसत्या लॅपटॉपवर देते," छोटी पुन्हा म्हणाली, पण विहिरीतून. साहेबांना ऐकूच गेलं नाही. ते म्हणाले, "ठरलं. मी धरून बसतो."

मुलाखतीच्या दिवशी छोटी नवा शर्ट घालून टेबलाशी बसली. साहेब बनियन आणि अर्ध्या चड्डीत टेबलाखाली, उशीवर मांडी घालून बसले. तिथं त्यांना बघणार कोण होतं? चिमटीत डबीची शेपटी.

"तोंडातून ब्र काढायचा नाही," बाईंनी वाकून बजावलं.

"मी काय लहान आहे?"

"म्हणूनच सांगितलं. लहान मुलं ऐकतात." आणि त्या भांडी घासायला निघून गेल्या.

मोठ्या पडद्यावर दोन माणसं उमटली. एक तक्रार विभागाच्या प्रमुख मॅडम, करडे केस, शांत डोळे. दुसरे टक्कल पडलेले साहेब, ते कंपनीच्या वस्तू घडवणाऱ्या विभागाचे मुख्य. सुरुवात उत्तम झाली. छोटी सरळ दिसत होती, माइक तिचा आवाज उचलत होता, दोन प्रश्नांवर तर मॅडम हसल्याही. टेबलाखाली साहेबांची छाती अभिमानानं फुगली. त्यांच्या अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या, पण त्यांनी तिकडं दुर्लक्ष केलं. मुंग्या मनगटातून खांद्यापर्यंत चढल्या. मग डाव्या पोटरीत असा काही गोळा आला की साहेबांचा पाय आपोआप ताठ झाला, स्टुलाला लागला आणि चिमटी सुटली.

पुढं जे घडलं त्याला लॅपटॉपच्या बाजूनं पाहिलं तर काहीच गैर नव्हतं. डबी गेली, म्हणजे मोठा पडदा, कॅमेरा आणि माइक गेले. तेव्हा लॅपटॉपनं मुकाट्यानं स्वतःचा कॅमेरा सुरू केला, आणि आवाजासाठी आसपास कोणी ओळखीचं आहे का ते शोधलं. फ्रीजवर बाईंचा स्पीकर होता. परवाचीच ओळख होती.

त्यामुळे छोटीच्या समोर काळाकुट्ट पडदा आला, आणि त्या दोघांच्या समोर एकाएकी बनियनमधले, टेबलाखाली मांडी घातलेले, वेदनेनं ओठ चावणारे काटेसाहेब आले.

टकलू साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. पण मॅडम अनुभवी होत्या. लोकांच्या घरातून काहीही दिसू शकतं हे त्यांना माहीत होतं. चित्र बिघडलंय असं समजून त्यांनी प्रश्न पुरा केला.

"आता तुमच्यातला एक दोष सांगा."

हा प्रश्न फ्रीजवरून आला. बाईंच्या हातातली कढई निसटली.

"कोण बोलतंय?"

"आम्हीच. मनमोकळं सांगा. एखादा निर्णय चुकला असेल आयुष्यात."

बाईंना वाटलं, रेडिओवाले घरोघरी फोन लावून गृहिणींना बोलतं करतात, त्यातलं हे काहीतरी. स्पीकरवर कसा काय लागला कोण जाणे, पण प्रश्न त्यांना आवडला. आजवर कोणी विचारलाच नव्हता.

"एकच चुकला," त्या भांडं विसळत म्हणाल्या. "लग्नाला हो म्हणाले."

पलीकडे टकलू साहेबांनी समोरचे कागद चाळले. "पण अर्जात तर अविवाहित लिहिलंय."

"मी कशाला लिहीन असं? तीस वर्षं संसार केलाय. नवरा माणूस म्हणून चांगला आहे हो, पण शिंकला तरी इमारतीला कळतं."

हे सगळं छोटीला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होतं. आधी तिला कळेना की आई कोणाशी बोलतेय. मग कळलं, आणि ते न कळलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं. ती टेबलाखाली वाकली. तिथं लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर मॅडम आणि टकलू साहेब होते आणि त्यांच्यासमोर बाबा. बाबांचं तिकडं लक्षच नव्हतं. ते डबीला दातओठ खात पिळत होते. छोटी तशीच स्वयंपाकघरात धावली, फ्रीजवरचा स्पीकर खसकन उचलला आणि टेबलाखाली शिरली. मागोमाग, "अगं, माझं बोलणं चाललं होतं!" म्हणत बाईही आल्या आणि वाकून आत पाहू लागल्या.

"नमस्कार," छोटी धापा टाकत म्हणाली. "मी इथं आहे. माफ करा. जरा... जरा लाइन गेली होती."

"लाइन गेली होती?" साहेब गरजले. ब्र न काढण्याचा करार इथं मोडला. "लाइनीला कशाला नाव ठेवतेस? लाइन बिचारी जागच्या जागी आहे. ही गेली! ही!" आणि त्यांनी ती डबी, शेपटीला धरून, थेट कॅमेऱ्यासमोर नाचवली.

टकलू साहेब पुढं झुकले. त्यांचा सूर बदलला. "ती आमची आहे."

"तुमची? वा! म्हणजे तुम्हीच ते! सांगायला लाज नाही वाटत?"

"बाबा!" छोटी म्हणाली, पण विहिरीतून.

"ती मी स्वतः घडवलीय," टकलू साहेबांच्या टकलापर्यंत लाली चढली. "सातही तोंडं चालतात तिची. प्रयोगशाळेत चाचणी झालीय. आदर्श परिस्थितीत..."

"आदर्श परिस्थिती कुठं भरते? पत्ता द्या, मी तिकडे राहायला जातो! साखर दुकानात किलो आणि घरी पाऊण किलो भरली तर दुकानदार काय म्हणेल, आदर्श परिस्थितीत किलो होती म्हणेल? सबंध सकाळ मी या शेपटीला धरून बसलोय. माणूस म्हशीच्या शेपटीला तरी का धरतो, नदी ओलांडायची असते म्हणून!"

"वापरणाऱ्याला अक्कल नसेल तर वस्तू काय करणार?"

"अक्कल? अहो, मोजमाप तपासण्यात हयात गेलीय माझी! बाहेर या, दाखवतो अक्कल!"

"बाहेर तुम्ही या आधी टेबलाखालून!"

"गप्प बसा दोघंही!"

सगळे गप्प झाले. बाईंनी दचकून इकडंतिकडं पाहिलं. हा आवाज त्या घरात याआधी कोणी ऐकला नव्हता. तो छोटीचा होता. छोटीलाही तो नवा होता, पण आता निघालाच होता, तर ती त्याच आवाजात पुढं बोलली.

"सर, तुम्ही घडवलेल्या वस्तूला अक्कल लागत असेल तर ती खोक्यात घालून द्यायची. आणि बाबा, मला खरं सांगा. या खोक्यात आणखी एक वायर होती का? भिंतीतल्या प्लगला लावायची?"

साहेब गडबडले. "होती... एक जास्तीची."

"कुठंय?"

"खणात. जास्तीचं काही फुकट दिलं की मला संशय येतो. गिऱ्हाईकाला भुलवायचे प्रकार असतात ते."

"डबीला वीज कमी पडत होती, बाबा. ती वायर लावली असती तर निदान एक आलं की दुसरं गेलं, असं झालं नसतं. ही आपली चूक." टकलू साहेबांच्या चेहऱ्यावर विजय पसरू लागला, तेवढ्यात ती त्यांच्याकडे वळली. "पण सर, ती वायर लावल्याशिवाय सातही तोंडं चालत नाहीत, हे खोक्यावर कुठंही छापलेलं नाही. आणि शेपटी मुळाशी ढिली आहे, ती कुठल्याही वायरनं घट्ट होणार नाही. या दोन्ही चुका तुमच्या. आता तुम्ही ओरडा, बाबा ओरडोत, त्यातलं एकही कमी होत नाही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या काहीतरी बोलण्यासाठी पुढं झुकल्या, त्यांचे ओठ उघडले, आणि लॅपटॉप विझला.

चार्जिंग किती उरलंय ते दिसावं म्हणून झाकण उघडं ठेवलं होतं, आणि नेमकं तेच बघायला साहेब विसरले होते.

छोटी टेबलाखालून बाहेर आली, शर्टाची धूळ झटकली आणि आपल्या खोलीत जाऊन तिनं दार लावलं. दार आपटलं असतं तर साहेबांना बरं वाटलं असतं. तिनं ते हळू लावलं.

चार्जिंग करून पुन्हा जोडेपर्यंत पलीकडे कोणी उरलं नव्हतं. साहेब गॅलरीत जाऊन बसले. दुपारी बाई चहा घेऊन गेल्या तर साहेब डबीकडे टक लावून बघत होते. आयुष्यात प्रथमच त्यांना काय बोलावं ते सुचत नव्हतं. पण ही अवस्था त्यांच्या प्रकृतीला मानवण्यासारखी नव्हती. चहाचा शेवटचा घोट घेऊन ते उठले आणि त्यांनी कंपनीकडे रीतसर तक्रार ठोकून दिली. खोटी जाहिरात, सदोष माल आणि ग्राहकाचा अकलेवरून अपमान.

"पोरीची नोकरी गेली ती गेली," ते म्हणाले. "आता मी यांना सोडत नाही."

नोकरी मात्र गेली नव्हती. आठवडा उलटायच्या आत मॅडमचा फोन आला आणि छोटीला रुजू व्हायला सांगितलं. बाईंनी शेजारच्यांना बातमी सांगितली, मग खालच्या मजल्यावर सांगितली, आणि वर येऊन साहेबांना म्हणाल्या, "आता ती तक्रार मागं घ्या."

"का?"

"का म्हणजे? लेक तिथं नोकरीला लागली!"

"म्हणून शेपटी घट्ट झाली का? माझ्या मुलीला नोकरी दिली म्हणून मी डोळे मिटले, तर याला काय म्हणतात माहितीये? लाच!"

छोटी पहिल्याच आठवड्यात कामात बुडाली. एका सकाळी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि पडद्यावरची एक तक्रार तिच्याकडे वळवली.

"या ग्राहकांना विभागातल्या सगळ्यांनी एकेकदा फोन करून झालाय. आता कोणी तयार नाही. एक जण तर रजेवर गेला."

छोटीनं नाव वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "मॅडम, हे माझे..."

"माहितीये. चेहरा ओळखीचा आहे आमच्या," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला घेतलं ते कशामुळं, तुम्हाला काय वाटलं? फोन करा. आणि इथं कोणाचं कोणी नसतं, एवढं लक्षात ठेवा."

घरी फोन वाजला तेव्हा बाई मुलांसाठी रंगीत कागद कापत होत्या. साहेबांनी फोन उचलला.

"नमस्कार. ग्राहक तक्रार विभागातून बोलतेय. आपण सात तोंडांच्या डबीबद्दल तक्रार केली होती."

"केली होती नाही. केली आहे. बोला."

"आपलं म्हणणं बरोबर आहे, सर. वायरीचा मुळाशी दोष आहे. नव्या मालात तो काढलाय. खोक्यावरचं वाक्यही बदललंय. आपल्याला डबी बदलून मिळेल."

एवढ्या लवकर बरोबर ठरायची साहेबांना सवय नव्हती. "आणि अकलेवरून बोललं गेलं त्याचं काय?"

"त्याबद्दल कंपनीतर्फे मी माफी मागते. ते साहेबही मागणार आहेत. मी त्यांच्याशी बोललेय."

"हं. आणि माझ्या मुलीचा इंटरव्ह्यू बुडाला, तो?"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "त्यांना नक्कीच मनस्ताप झाला असेल, सर."

"तिला? छे! मनस्ताप मला झाला. ती वाघीण आहे." साहेबांचा आवाज चढला, पण या वेळी त्यात राग नव्हता. "तुमच्या त्या टकल्याला आणि मला, दोघांना तिनं एका दमात गप्प केलं. बाजारात कोणाची टाप नव्हती मला गप्प करायची. चूक माझी होती तीही तिनं तोंडावर सांगितली. त्या दिवशी मला तसं तिला म्हणता आलं नाही. राहूनच गेलं. तुम्ही तक्रारीत हेही लिहून घ्या."

"तक्रारीत, सर?"

"मग कशात? तुमच्याकडे दुसरं काही लिहून घ्यायची सोय आहे का?"

"नाही, सर." आवाज थोडा अडखळला. "लिहून घेतलं."

"ठीक आहे. तक्रार मिटली असं समजा."

साहेबांनी फोन ठेवला. बाईंची कात्री मघापासून हवेतच थांबली होती.

"कोण होतं?"

"कंपनीतल्या कोणी मॅडम होत्या. फार समजूतदार बाई," साहेब चष्मा पुसत म्हणाले. "सर्दी झाल्यासारखी वाटली फक्त. संध्याकाळी छोटी आली की तिला सांग, त्या मॅडमना जाऊन भेट म्हणावं. शिकण्यासारखं आहे त्यांच्याकडून."

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. साहेब चष्मा पुसतच होते, आणि तो काही केल्या स्वच्छ होत नव्हता.

"सांगते हं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा कागद कापायला घेतले.